दोन टनांची गाडी, केसाहून बारीक फट

नवी असताना जिच्याकडे नुसतं बघत राहावं, अशी डिझेल फोर बाय फोर सात-आठ वर्षांनी एखाद्या नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळते. (फॉर्च्युनर सोडून. तिची किंमत काही केल्या खाली येत नाही.) विलायती म्हणून मिरवणाऱ्या यातल्या कितीतरी गाड्या खरं तर आपल्याकडेच जुळवलेल्या असतात. ऑडी क्यू फाइव्ह छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची, जीप कंपास रांजणगावची, फ्रीलँडर २ सुद्धा २०११ पासून पुण्यात बांधली जायची.

सेकंडहँड बाजारात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रनिंग किती?’ चाळीस हजार म्हटलं की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो, दीड लाख म्हटलं की पडतो. या जातीच्या गाड्यांमध्ये मात्र हा हिशेब पुष्कळदा उलटा निघतो. तो का, हे कळण्यासाठी आत चाललेला प्रकार बघायला हवा, आणि तो प्रकार थक्क करणारा आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. सिलिंडरमधली हवा पंधरा-सोळा पट दाबली की ती पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपला आपण पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलने जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये १८९७ साली हे चालवून दाखवलं. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. फवारा मारण्याची तऱ्हा मात्र ओळखू येऊ नये इतकी बदलली. १९९७ च्या सुमारास मोटारींमध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना डिझेल पुरवणारी एकच सामाईक नळी, आली आणि डिझेलचा दाब वाढत वाढत आज दोन हजार बारच्या घरात गेला. पृथ्वीवरच्या सगळ्यात खोल जागी, मारियाना गर्तेच्या तळाशी, पाण्याचा दाब अकराशे बारच्या आसपास असतो. त्याच्या जवळजवळ दुप्पट दाबाचं डिझेल आपल्या बॉनेटखालच्या एका बोटभर जाडीच्या नळीत उभं असतं.

इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सोळा-सतरा वेळा पेटतो. आणि दर वेळी फवारा एकच नसतो. आधी एक इवलासा थेंब जातो, म्हणजे पुढचा स्फोट दणका न देता होतो. मग मुख्य फवारा, गरज पडली तर त्यामागून आणखी एखादा. पूर्वीच्या डिझेलचा तो खडखडाट आताच्या गाड्यांत फारसा ऐकू येत नाही, त्यात या पहिल्या थेंबाचा वाटा मोठा आहे. हे सगळं करणाऱ्या इंजेक्टरमध्ये सुई आणि तिच्या घरामधली फट असते जेमतेम काही मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर-एक मायक्रॉन जाड असतो. इतकं नाजूक काम नाशिकच्या बॉशच्या कारखान्यातही होतं, आणि त्याच्या जोरावर दोन टनांची गाडी घाट चढते. भेसळीचं किंवा पाणी उतरलेलं डिझेल त्या फटीत शिरलं, की खर्च लाखाच्या भाषेत बोलायला लागतो.

म्हणून गाडी बघायला सकाळी जावं आणि ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर का, ते विचारावं. ठिणगी नसलेल्या इंजिनाला थंडपणी मुख्य आधार दाबाचाच असतो. दाब गळत असेल किंवा इंजेक्टर थकलेले असतील तर ते पहिल्या काही सेकंदांतच उघडं पडतं. स्टार्टर जास्त वेळ फिरतो, इंजिन अडखळतं, पांढुरका धूर येतो. एकदा तापलं की तेच इंजिन शहाण्यासारखं वागतं.

आता काजळी. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर जवळपास घरोघरचा झाला. महागड्या गाड्यांत तो आधीपासूनही असायचा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीच्या जातीची वीट, तिच्या हजारो नळ्या आलटून पालटून एका टोकाला बंद. त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी मागे राहते. ती साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. चालवणाऱ्याला पत्ताही नसतो. अट एकच, गाडी काही वेळ सलग आणि वेगात धावायला हवी.

पुण्यातल्या पुण्यात कोथरूडहून डेक्कनला जाऊन परत येणाऱ्या गाडीला हे सुख मिळत नाही. सफाई सुरू होते आणि मधेच चावी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. न जळलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा बुडवून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असलं तर ‘बघा, थेंबभर ऑइल खात नाही’ म्हणून मालक खूश होतो. बोटाला लावून वास घ्या. डिझेलचा आला तर ते ऑइल पातळ झालंय आणि टर्बोच्या बेअरिंगला तेच पातळ ऑइल मिळतंय. मुंबई-गोवा करून दीड लाख किलोमीटर झालेली गाडी अशा चाळीस हजारवालीपेक्षा मला केव्हाही चालेल, सर्व्हिस हिस्ट्री सलग असली म्हणजे झालं.

आणि चाळीस हजार तरी खरे का? स्टिअरिंगखालच्या सॉकेटला चांगल्या फिटरने स्कॅनर लावला की गाडी बोलायला लागते. फिल्टरमध्ये काजळी किती, शेवटची सफाई किती किलोमीटरमागे झाली, कोणत्या इंजेक्टरला इंजिन सांभाळून घेतंय, हे बऱ्याच गाड्यांत वाचता येतं. काही गाड्यांत अंतराची नोंद मीटरशिवाय दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही असते. मीटर मागे फिरवणारा तिथपर्यंत पोचलेला असतोच असं नाही.

चाकांचं गणित आणखी मजेदार आहे. वळणावर चारही चाकं चार वेगळ्या वाटांनी जातात, चौघांचं अंतर वेगळं. हा फरक पचवायला डिफरन्शियल असतात. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्येही तशीच सोय किंवा तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या असतात. आता समजा, मालकाने काटकसर म्हणून दोनच टायर नवे टाकले. नव्याची नक्षी आठ मिलिमीटर, जुन्याची तीन. चाकाची त्रिज्या ३७० मिलिमीटर धरली तर शंभर किलोमीटरमध्ये जुनं चाक नव्यापेक्षा सुमारे सहाशे फेरे जास्त घेतं. हा कागदावरचा हिशेब, प्रत्यक्षात फरक काहीसा कमी पडतो. पण सरळ रस्त्यावरही गाडी कायम वळणावर असल्यासारखी वागते आणि त्या चकत्या झिजत राहतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे म्हणूनच वाचावेत. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर एका कंपनीचे आणि जवळपासच्या तारखांचे असले तर मालक जाणकार आहे.

पुराच्या पाण्याची परीक्षा सीटबेल्टवर होते. तो शेवटपर्यंत ओढून काढावा. कार्पेट धुता येतं, बदलता येतं, पण गुंडाळीच्या अगदी आतल्या वेटोळ्यात राहिलेली गढूळ रेघ पुसायचं सहसा कुणाला सुचत नाही. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर गाडी पाण्यात घालण्याची हौस असलेल्यांचा माल लिफ्टवर चढवून खालून बघावा. चासीच्या पोकळीत वाळू आणि बोल्टवर खारा गंज बसलेला असतो.

स्वस्त दिसतात त्या दिल्लीकडच्या गाड्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. पुढे त्यात फेरफार झाले, पण भाव पडायचे ते पडले. एनओसी, इथलं पासिंग आणि इथला रोड टॅक्स धरून मगच तुलना करावी.

राहिला फोर बाय फोरचा खटका. या गाड्या घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तो कधी फिरवलेलाच नसतो. ज्या गाड्यांत हळू चालीचा ‘लो’ गिअर असतो, त्यांत तो लावला की इंजिनाचा जोर साधारण अडीच पट होऊन चाकांपर्यंत पोचतो, पण वर्षानुवर्षं न हललेली मोटर आणि काटे जागीच धरतात. मातीच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये टाकावी आणि ‘लो’ लावायला सांगावं. डांबरी रस्त्यावर ते करू नये. डॅशबोर्डवरचा दिवा काही क्षण लुकलुकून स्थिर झाला तर ठीक. लुकलुकतच राहिला, तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करावीत.