शेवटचा हात कुणाचा?

रविवारी सकाळी गाडीचा एअर फिल्टर घरीच बदलला. चार क्लिपा सोडायच्या, जुना काढून नवा बसवायचा, पंधरा मिनिटांचं काम. गॅरेजचे पैसे वाचले म्हणून नंतरचा चहाही जरा गोड लागला. सोमवारी सिग्नलला डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, तर इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान उणे ४० अंश! पुण्यात, भर मे महिन्यात.

नवा सेन्सर मागवणार होतो, तेवढ्यात फिल्टरच्या डब्याशेजारी लोंबणारा कनेक्टर दिसला. थंडी वाढते तसा या सेन्सरचा विद्युतरोध वाढतो. वायरच सुटली की रोध अमर्याद होतो आणि गाडीचा संगणक त्याला कडाक्याची थंडी समजतो. स्कॅनरवरचा पी०११३ हा कोड एवढंच सांगत होता. सेन्सर मेला असं तो म्हणत नव्हता; तसं मीच ठरवून टाकलं होतं.

दुरुस्तीनंतर उपटलेल्या नव्या दुखण्याचा माग आधी स्वतःच्या हातापासून काढावा. काय काय सोडलं, हलवलं, बाजूला सारलं, ते उलट क्रमाने तपासायचं. एअर फिल्टरचं काम झाल्यावर आयडलिंग वरखाली होत असेल आणि बारीक शीळ ऐकू येत असेल, तर एखादी व्हॅक्यूमची नळी निसटलेली असू शकते. प्लग बदलल्यावर इंजिन मिसिंग करू लागलं आणि पी०३०१ कोड आला, तर तक्रार पहिल्या सिलिंडरची आहे. त्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर लावून पाहा. कोड पी०३०२ झाला, तर दोष कॉइलचा. जागचा हलला नाही, तर प्लग आणि कनेक्टर बघा. कोड पुसायचे ते वहीत उतरवून घेतल्यावरच.

काही लक्षणं बिघाडाची नसतातच. बॅटरी काढली की काही गाड्यांचा संगणक आयडलिंगचा शिकलेला हिशेब विसरतो. थोडं अंतर चालली की गाडी सावरते. टर्मिनल मात्र हाताने हलता कामा नये.

दोन ठिकाणी प्रयोग नकोत. ब्रेक पॅड बदलल्यावर पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पेडल आधी तळाला जातं. गाडी हलवण्याआधीच ते दाबून दाबून घट्ट करावं; तरीही मऊ लागलं, तर किल्ली काढून ठेवावी. कूलंट बदलल्यावर आत हवा अडकली, तर तापमानाचा काटा चढतो. तेव्हा इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये.

एवढं करूनही गॅरेज गाठावं लागलं, तर पथ्य मोडल्याचं डॉक्टरपासून लपवतो तसं रविवारचं काम मेकॅनिकपासून लपवू नका. ‘आपोआपच झालं हो,’ म्हणालात की तो अख्खी गाडी तपासत बसणार, आणि त्या तासांचं बिल तुमच्याच नावावर फाडणार.