जुन्या जीपमध्ये नवे इंजिन

महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी ज्याचे बालपण गेले आहे, त्याच्या स्मरणातील जीपगाडीचे बॉनेट उंच असते. मामलेदारांची, जंगलखात्याची किंवा पाटबंधाऱ्याच्या साहेबांची म्हणून जी गाडी धुळीचा लोट उठवीत कचेरीच्या आवारात शिरे, तिचे बॉनेट दोन्ही बाजूंच्या सपाट मडगार्डांहून चांगले वर उठलेले दिसे. उलट महायुद्धाच्या चित्रपटांतील जीप पाहावी, तर ती या गाडीच्या मानाने अगदी बुटकी भासे. या फरकाचे कारण इंजिनात आहे. 1953 साली अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड कंपनीने आपल्या नागरी जीपला अधिक शक्तीचे, परंतु अंगाने उंच असे इंजिन द्यावयाचे ठरवले, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, आणि म्हणून बॉनेटच उचलावे लागले. ‘सीजे-3बी’ या नावाने निघालेली ती गाडी पुढे परवान्याखाली मुंबईच्या महिंद्र कंपनीने वर्षानुवर्षे बनवली, आणि तिचीच आकृती आपल्याकडे जीप म्हणून रूढ झाली.

ही हकीकत प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, जुन्या जीपमध्ये जबर इंजिन बसवण्याची हौस हा काही थोड्या छांदिष्ट लोकांचा अलीकडचा उद्योग आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः जीपचा इतिहासच इंजिने बदलण्याचा इतिहास आहे. 1940 साली अमेरिकन सैन्याने हलक्या चौचाकी गाडीसाठी नमुने मागवले, तेव्हा बॅन्टम, विलीज व फोर्ड या तीन कंपन्यांत विलीजचे पारडे जड ठरले ते तिच्या इंजिनामुळे. तिचे प्रमुख अभियंते डेल्मर रूस यांनी 48 अश्वशक्तीचे एक साधे मोटारगाडीचे इंजिन सुधारून 60 अश्वशक्तीपर्यंत नेले होते. आणि वजनाची मर्यादा आड आली, तेव्हा इंजिनाला हात न लावता इतर भागांतून तोळातोळा वजन कमी करण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. 2.2 लिटरच्या या इंजिनाच्या आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या दोन्ही झडपा सिलिंडरच्या बगलेला होत्या. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात सिलिंडरांचे माप तेच ठेवून आत घेणारी झडप तेवढी डोक्यावर नेली, तिचा आकार वाढवला, त्यामुळे इंधनमिश्रित हवा अधिक मोकळेपणी आत येऊ लागली आणि शक्ती 72 अश्वशक्तीच्या घरात गेली. डोक्यावरच्या त्या झडपांनीच बॉनेट उंच केले.

कंपनीची मालकी कैसर यांच्याकडे गेल्यानंतर 1965 साली सीजे-5 या जीपला ब्यूइकचे 3.7 लिटरचे व्ही-6 इंजिन मिळू लागले; त्याची शक्ती सुमारे 160 अश्वशक्ती, म्हणजे जुन्याच्या दुपटीहून अधिक. तीन-तीन सिलिंडरांच्या दोन ओळी तिरप्या मांडल्यामुळे त्याची लांबी कमी भरे, आणि जीपच्या आखूड नाकात ते बिनतक्रार बसे. हौशी लोकांनी अधिक जुन्या जीपगाड्यांसाठीही याच इंजिनाला फार मोठी पसंती दिली, ती याच गुणासाठी. पुढे अमेरिकन मोटर्सने जीपचा व्यवसाय घेतल्यावर 1972 च्या गाडीत सहा सिलिंडर एका रांगेत असलेले लांब इंजिन घालावयाचे ठरले, तेव्हा पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरच सुमारे तीन इंचांनी वाढवण्यात आले. इंजिन बदलले की गाडी बदलावी लागते, हे ज्यांनी ती गाडी घडवली त्यांनाही चुकले नाही. मग जो मालक आपल्या अंगणात हे काम काढतो, त्याला ते कसे चुकावे?

आता या कामाचे स्वरूप पाहू. चेनकुप्पी लावून जुने इंजिन उचलणे व नवे उतरवणे हा भाग दिसायला मोठा, पण करायला त्या मानाने सोपा आहे. खरी परीक्षा नवे इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्या जोडणीत होते. दोघांचे बोल्ट एकमेकांस जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड धातूची एक पट्टी, म्हणजे अडॅप्टर प्लेट, लेथवर करून घ्यावी लागते. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका सरळ रेषेत आला पाहिजे, आणि ही सरळता डोळ्यांनी कळणारी नव्हे. चांगला फिटर फ्लायव्हीलवर डायल गेज बसवतो, त्याचे टोक बेलहाउसिंगच्या गोल तोंडाला टेकवतो आणि क्रँक हाताने सावकाश फिरवीत काटा किती हलतो ते पाहतो. पूर्ण फेऱ्यात काटा इंचाच्या पाच हजारांश भागापलीकडे गेला, तर प्लेट पुन्हा सरकवतो, पुन्हा आवळतो, पुन्हा फिरवतो. या कामी जो अर्धा दिवस जातो, तो वाचवणाऱ्याच्या गाडीत काही महिन्यांनी क्लच धरू लागतो, गिअर आपोआप सुटू लागतो आणि बेअरिंग ओरडू लागते; मग दोष नव्या इंजिनाच्या माथी मारला जातो. माझ्या मते कारागिराची पारख करावयाची असेल, तर त्याच्याजवळ डायल गेज आहे की नाही एवढे पाहावे.

त्यानंतर जागेचा प्रश्न. खड्ड्यात पुढचे पाटे दबले की पुढचा एक्सल वर येतो, आणि इंजिनाखालचे तेलाचे भांडे त्याच्या वाटेत असेल, तर ते फुटते. म्हणून भांडे कापून त्याचा खोल भाग पुढे किंवा मागे न्यावा लागतो. स्टिअरिंगचा दांडा आणि सायलेन्सरचा पाइप एकाच फटीतून जाऊ पाहतात. जुन्या गाडीची वीज सहा व्होल्टची आणि नव्या इंजिनाचा स्टार्टर बारा व्होल्टचा, त्यामुळे दिव्यांपासून काट्यांपर्यंत सारी वायरिंग नव्याने ओढावी लागते.

परंतु सर्वांत गहन विचार इंजिनाच्या मागे जे काही आहे त्याचा करावा लागतो. पहिल्या गिअरचे प्रमाण 2.8, ट्रान्सफर केसच्या खालच्या गिअरचे सुमारे 2.46 आणि 43 व 8 दात्यांच्या डिफरेन्शियलचे 5.38, यांचा गुणाकार 37 येतो. म्हणजे इंजिनाने दिलेला पीळ चाकांपाशी पोहोचेपर्यंत 37 पट होतो. हरिकेनचा पीळ गुणून जो आकडा येई, त्याच्या दुप्पट व्ही-6 देतो, आणि तो सोसावयाचा असतो त्याच जुन्या एक्सल शाफ्टांना व त्याच युनिव्हर्सल जॉइंटांना. खडकात एक चाक अडकले असता चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, की सर्वांत दुबळा भाग तुटतो. वेगाची गोष्टही अशीच आहे. 5.38 च्या डिफरेन्शियलने ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटास तीन हजारांहून अधिक फेरे घेते, त्यामुळे ओव्हरड्राइव्ह किंवा हलका डिफरेन्शियल न घातल्यास नव्या इंजिनाची शक्ती हमरस्त्यावर नुसत्या आवाजात खर्ची पडते. आणि तो घातल्यास गाडी इतकी पळू लागते की, नऊ इंची ड्रम आणि एकाच नळीवर चालणारे जुने ब्रेक तिला आवरू शकत नाहीत. ताशी 60 ऐवजी 90 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला थांबवताना ब्रेकांना सव्वादोन पट ऊर्जा गिळावी लागते. इंजिनावर खर्च करण्यापूर्वी ब्रेकांवर करावा, असे मी आग्रहाने म्हणतो. रेडिएटरचेही तसेच. आंबेनळीसारख्या घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना समोरून वारा जवळजवळ लागत नाही, पंख्यावरच सारी भिस्त असते, आणि जुन्या मापाचा रेडिएटर नव्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकू शकत नाही.

आपल्याकडील बहुसंख्य बदल शक्तीसाठी झालेच नाहीत, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. पेट्रोल महागल्यावर असंख्य मालकांनी आपली जीप ‘डिझेलवर करून घेतली’. खुद्द महिंद्रांनी प्यूजोच्या आराखड्याचे 2112 घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आपल्या जीपगाड्यांना दिले, त्याची अश्वशक्ती हरिकेनपेक्षा कमी होती. तरीही शेतकऱ्याने, कंत्राटदाराने आणि वडापवाल्याने ते आनंदाने स्वीकारले, कारण त्यांना वेगाहून रोजचा खर्च महत्त्वाचा होता. ज्याला गाडी चिखलातून व नांगरटीतून न्यावयाची आहे, त्याला आजही अश्वशक्तीपेक्षा खालचा गिअर आणि चांगले टायर अधिक उपयोगी पडतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कायद्याची बाजू तर याहून नाजूक. इंजिनाचा क्रमांक, सिलिंडरांची संख्या, घनक्षमता व इंधनाचा प्रकार हा सारा तपशील नोंदणीच्या दाखल्यात दर्ज असतो, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली हाच अर्थ ठामपणे उचलून धरला. म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून, नियमांत बसणाऱ्या बदलाची मंजुरी हाती आल्याखेरीज इंजिनाचा एक बोल्टही ढिला करू नये. बेकायदा बदललेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी हरकत घेण्याचा संभव असतो. शिवाय 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची जी स्वतंत्र नोंदणी सुरू केली, ती चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनांपुरतीच आहे.

यास्तव, युद्धकाळातील अस्सल विलीज किंवा फोर्ड जीप ज्याच्या पदरी आहे, त्याने तिचे मूळ इंजिनच बोअर करून, नवे पिस्टन घालून चालते करावे. ज्या गाडीतील मूळ इंजिन केव्हाच नाहीसे झाले आहे, तिच्या बाबतीत मंजुरी मिळाली, तर बदल जरूर करावा. पण इंजिनाच्या फाउंडेशनचे कंस चासीला वेल्डिंग न करता बोल्टांनी बसवावेत, चासीच्या आडव्या पट्ट्या कापू नयेत, आणि उतरवलेले इंजिन भंगारात न देता प्लगच्या भोकांतून तेल सोडून, सर्व तोंडे बंद करून, त्याच्या क्रमांकाची पट्टी शाबूत ठेवून जपावे.