क्रीडामंडळांचा न्याय आणि प्रेक्षकांचा रोष



खेळांतील पराभव प्रेक्षकास फार काळ जड जात नाहीं. आपला संघ हरला तर तो एक रात्र हळहळतो आणि दुसऱ्या दिवशीं पुढच्या सामन्याची वाट पाहूं लागतो. परंतु सामना संपल्यावर बंद दाराआड बसून एखाद्या शिस्तसमितीनें दिलेला निकाल मात्र त्याच्या मनांत वर्षानुवर्षें सलत राहतो. आमच्या चांदवडसारख्या तालुक्याच्या गांवींही मध्यरात्रीपर्यंत जागून विलायतेंतील फुटबॉलचे सामने पाहणारीं मुलें आज आहेत, आणि त्यांच्या तोंडून खेळाच्या वर्णनाइतकीच या मंडळांविषयींची तक्रारही ऐकूं येते. ही तक्रार कशाची आहे, ती कितपत रास्त आहे, आणि तिचें मूळ कोठें आहे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम या न्यायाची रचना पाहूं. फुटबॉलचा जागतिक कारभार ‘फिफा’ ही संस्था पाहते. तिची स्थापना १९०४ सालीं पॅरिस येथें झाली. युरोपीय राष्ट्रांचें मंडळ तें ‘युएफा’. तें १९५४ सालीं स्थापन झालें. प्रत्येक देशाचें मंडळ या साखळींत गोंवलेलें असतें. सामन्यांत गुन्हा घडला म्हणजे पंच व सामनाधिकारी अहवाल लिहितात. शिस्तसमिति तो वाचून शिक्षा ठरविते. अपीलसमिति ती कायम करते किंवा बदलते. आणि त्यापुढें स्वित्झर्लंडांत लोझान येथें असलेल्या क्रीडाविषयक लवादाकडे दाद मागण्याची सोय आहे. कागदावर ही रचना निर्दोष दिसते. परंतु तिच्यांत एक गोम आहे. सामने भरविणारें, प्रक्षेपणाचें व जाहिरातींचें उत्पन्न घेणारें, नियम करणारें आणि त्या नियमांप्रमाणें न्याय देणारें मंडळ एकच असतें. जत्रेंतील कुस्त्यांच्या फडांत ठेकेदारच पंच होऊन बसला तर काय होईल, याची कल्पना आपणां सर्वांस आहे. तो लबाडच असेल असें नव्हे. पण फड मोडूं नये ही काळजी प्रत्येक निकालाच्या वेळीं त्याच्या मनांत डोकावल्यावांचून राहणार नाहीं.

बरें, या घरांत बाहेरच्यांनीं लक्ष घालावें, तर तेंही सोपें नाहीं. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल मंडळाच्या कारभारासाठीं सर्वोच्च न्यायालयानें प्रशासक नेमले होते. हा बाहेरचा हस्तक्षेप होय, असें ठरवून फिफानें १५ ऑगस्ट २०२२ रोजीं भारताच्या मंडळास निलंबित केलें. भुवनेश्वर, मडगांव आणि नवी मुंबई येथें व्हावयाची मुलींची जागतिक स्पर्धा त्यामुळें धोक्यांत आली. अकरा दिवसांनीं निलंबन उठलें आणि स्पर्धा पार पडली. मंडळांचें स्वातंत्र्य राजकारण्यांपासून खेळाचें रक्षण करतें, हें खरें. पण तेंच स्वातंत्र्य प्रेक्षकाच्या गाऱ्हाण्यापासून मंडळाचेंही रक्षण करतें, हेंही तितकेंच खरें.

आतां तक्रारीचें स्वरूप एका उदाहरणानें स्पष्ट करतों. २०१२ सालच्या युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत डेन्मार्कच्या निकलास बेंटनर या खेळाडूनें गोल केल्यानंतर सदरा वर करून आंतील चड्डीवर छापलेलें एका पैज घेणाऱ्या कंपनीचें नांव दाखविलें. युएफानें त्यास एक लाख युरो दंड केला आणि एका सामन्यापुरती बंदी घातली. त्याच स्पर्धेंत क्रोएशियाच्या प्रेक्षकांनीं इटलीविरुद्धच्या सामन्यांत दारूकाम पेटवून फेंकलें आणि मारिओ बालोटेल्ली या कृष्णवर्णी खेळाडूस उद्देशून वर्णद्वेषी प्रकार केले. या सर्वांबद्दल मिळून क्रोएशियाच्या मंडळास ८०,००० युरो दंड झाला. एका खेळाडूच्या चड्डीवरील जाहिरात एक लाखाची, आणि माणसाच्या कातडीचा जाहीर उपहास ऐंशीं हजारांचा, असा हिशेब लोकांनीं मांडला, तर त्यांस दोष कसा द्यावा?

मंडळाच्या बाजूनेंही कांहीं बोलतां येतें. जाहिरातीचा गुन्हा कॅमेऱ्यासमोर घडतो, गुन्हेगार एकच असतो, पुरावा निर्विवाद असतो. हजारोंच्या गर्दींतून उठलेला आवाज कोणाचा, हें ठरविणें कठीण असतें. परंतु या अडचणीनें शिक्षेंतील विलंब समजूं शकतो, शिक्षेचें मोल कमी ठरविण्याचें समर्थन होत नाहीं. मी हयात शाळेंत घालविली. मुलें छडी विसरतात. पण एकाच गुन्ह्यास दोन मापें लावलेलीं तीं कधींही विसरत नाहींत, आणि एकट्यादुकट्याच्या खोडीसाठीं सबंध वर्गास उभें केलेलेंही विसरत नाहींत.

ही दुसरी गोष्ट स्पेनमध्यें दिसून आली. २१ मे २०२३ रोजीं वॅलेन्सिया येथील सामन्यांत रेआल माद्रिद संघाचा ब्राझिलियन खेळाडू विनिसियुस याला प्रेक्षकांनीं वर्णावरून हिणविलें. आणि सामन्याच्या अखेरीस झालेल्या झोंबाझोंबींत लाल कार्ड दाखवून बाहेर काढलें तेंही त्यालाच. मंडळानें पुढें तें कार्ड रद्द केलें. मैदानाची एक प्रेक्षकसज्जा पांच सामन्यांपुरती बंद ठेवण्याची व ४५,००० युरो दंडाची शिक्षा प्रथम झाली. अपिलांत ती तीन सामने व २७,००० युरो इतकी उतरली. सज्जा बंद झाल्यानें निरपराध तिकीटधारकही बाहेर राहिले. उलट, स्पेनच्या फौजदारी न्यायालयानें त्यांतील तीन इसम निवडून काढले आणि जून २०२४ मध्यें त्यांस प्रत्येकीं आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. गर्दींतील माणूस हुडकून काढतां येतो, हें त्या न्यायालयानें सिद्ध केलें.

हें सर्व परदेशाचें झालें. आपल्या मैदानांवर काय घडतें? १७ ऑक्टोबर २००७ रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत व ऑस्ट्रेलिया यांच्या क्रिकेटच्या सामन्यांत अँड्र्यू सायमंड्स या खेळाडूकडे पाहून कांहीं प्रेक्षकांनीं माकडासारखे हावभाव केले. त्यापूर्वीं बडोद्याच्या सामन्यांतही असा प्रकार झाल्याची तक्रार होती. ती तेथील अधिकाऱ्यांनीं नाकारली होती. मुंबईंतील प्रकार छायाचित्रांत उमटला, म्हणून नाकारतां आला नाहीं. पोलिसांनीं कांहीं जणांस बाहेर काढून ताब्यांत घेतलें. पुढें जानेवारी २००८ मध्यें सिडनीच्या कसोटींत हरभजनसिंग यानें सायमंड्सला वर्णवाचक शब्द वापरल्याचा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनीं तीन कसोट्यांची बंदी घातली. ध्वनिमुद्रणाचा पुरावा नसतां एका पक्षाच्या साक्षीवर निकाल दिला, म्हणून भारतीय प्रेक्षक खवळले. अपिलांत न्यायमूर्ति जॉन हॅन्सन यांनीं वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाहीं असें ठरवून, अपशब्दाबद्दल निम्म्या सामनाशुल्काचा दंड केला. तेव्हां ऑस्ट्रेलियन प्रेक्षक खवळले. नंतर उघडकीस आलें तें असें कीं, खेळाडूच्या पूर्वीच्या शिक्षांची पूर्ण नोंद आंतरराष्ट्रीय मंडळानें न्यायमूर्तींपुढें ठेवलीच नव्हती. एकाच दप्तराच्या ढिलाईनें दोन राष्ट्रांच्या मनांत अढी निर्माण झाली.

वर्णाची गोष्ट निघाली म्हणजे जातीची गोष्ट आपण टाळूं शकत नाहीं. पुण्याच्या मैदानांवर पुढें आलेले पळवणकर बाळू हे आपल्या काळचे श्रेष्ठ गोलंदाज. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तथापि ते चांभार जातींत जन्मले म्हणून त्यांस चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांत मिळे. आणि हिंदु संघाचें नायकत्व त्यांस कधींच मिळालें नाहीं. १९२० सालीं चौरंगी सामन्यांसाठीं निवडसमितीनें बाळूंना वगळलें, आणि त्यांचे बंधु विठ्ठल यांची ज्येष्ठता डावलून नायकत्व दि. ब. देवधर यांस दिलें. तेव्हां विठ्ठल व शिवराम हे बंधु संघांतून बाहेर पडले आणि आपलें कारण त्यांनीं जाहीरपणें लोकांपुढें मांडलें. समितीस माघार घ्यावी लागली; बाळूंना उपनायक करण्यांत आलें व दोघे बंधु परत आले. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे नायक झाले आणि त्यांच्या नायकत्वाखालीं संघानें स्पर्धा जिंकली. समित्या आपण होऊन क्वचितच बदलतात. कारण जाहीरपणें विचारलें गेलें म्हणजे त्यांस उत्तर द्यावें लागतें.

मग प्रेक्षकांनीं मागावें तरी काय? नुसती कडक शिक्षा मागून भागणार नाहीं. न्याय देणारे लोक सामने भरविणाऱ्यांहून वेगळे असावेत. कोणत्या गुन्ह्यास कोणती शिक्षा, हें कोष्टक आधीं ठरलेलें असावें, आणि त्यांत जाहिरातदाराच्या हक्काहून माणसाच्या प्रतिष्ठेचें मोल अधिक असावें. निकाल ठराविक मुदतींत लागावा व त्याचीं कारणें लेखी प्रसिद्ध व्हावींत. दंड मंडळाच्या तिजोरीवर टाकून मोकळें न होतां प्रत्यक्ष गुन्हेगारास मैदानाची बंदी व्हावी. मे २०२४ मध्यें फिफानें असें जाहीर केलें कीं, अपमानित खेळाडूनें मनगटांपाशीं हात एकमेकांवर धरून खूण करावी. पंचानें प्रथम खेळ थांबवावा, प्रकार चालूच राहिल्यास संघ आंत न्यावेत, आणि तरीही न थांबल्यास सामना रद्द करावा. योजना चांगली आहे. तिची परीक्षा मात्र ज्या दिवशीं मोठ्या उत्पन्नाचा सामना रद्द करण्याची पाळी येईल, त्या दिवशीं होईल.

तोंपर्यंत एक अधिकार प्रत्येक प्रेक्षकाच्या हातीं आहे, आणि त्याला कोणत्याही समितीची मंजुरी लागत नाहीं. शेजारच्या बाकावरून असा आवाज उठला तर त्यावर हंसावयाचें, मान फिरवावयाची, कीं त्या माणसास तेथल्या तेथें थांबवावयाचें, हें त्यानें स्वतःच ठरवावयाचें असतें. जो प्रेक्षक आपल्याच संघाच्या माणसास असें थांबवितो, त्यालाच मंडळाच्या दारांत उभें राहून न्याय मागतांना खालीं पाहावें लागत नाहीं.