घरबसल्या ऑनलाइन धंदा: आधी विचारा, पैसे कोण देतंय?

"दादा, घरबसल्या ऑनलाइन काम मिळतंय, फक्त रजिस्ट्रेशन फी भरायचीय. भरू का?" घाटकोपरच्या माझ्या दुकानात हा प्रश्न नेहमी येतो. माझं उत्तर एकच: थांबा, आधी गणित करा.

2011 ची स्पीक एशिया आठवते? 11,000 रुपये भरा, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्व्हे करा, प्रत्येकी 500 रुपये घ्या. म्हणजे वर्षाला 52,000! पण हे पैसे देणार कोण? बाहेरचं गिऱ्हाईक नसेल, तर एकाला 52,000 द्यायला जवळपास पाच नव्या लोकांचे 11,000 लागतात. त्या पाच जणांना द्यायला आणखी चोवीस जण. साखळी कधीतरी तुटणारच. मुंबई पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा तपासाला लागली, तोवर लाखो लोकांचे पैसे अडकले होते.

आता असाच खेळ टेलिग्रामवर 'टास्क' म्हणून चालतो. आधी शे-दोनशे रुपये खात्यात येतात, विश्वास बसतो, मग 'पुढच्या टास्कसाठी पैसे भरा' सुरू होतं.

खऱ्या धंद्यात पैसे गिऱ्हाईक देतं, आणि कशाचे देतं ते एका वाक्यात सांगता येतं: मसाले, डबा, शिवणकाम, शिकवणी. पहिल्या दहा ऑर्डर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मिळवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

फसलात तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.