दगडावरची नावे

सुट्टी लागली, की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कोणी म्हणते, म्हैसूरला जाऊ. कोणी म्हणते, हंपी पाहू. लांबच्या प्रवासाला पैसे लागतात आणि मोठ्या माणसांना रजाही मिळावी लागते. मग बेत पुढे ढकलला जातो आणि सुट्टी संपून जाते.

पुण्यात राहणाऱ्यांनी मात्र असे निराश होण्याचे कारण नाही. सकाळी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघावे आणि दिवे लागायच्या आत घरी परत यावे. एवढ्या वेळात आपल्याला प्राचीन मंदिर पाहता येते, किल्ला चढता येतो, दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी पाहता येतात आणि रानफुलांची ओळखही होते. अशा तीन छोट्या सहलींची माहिती आपण घेऊ. पण त्याआधी एका दगडाची ओळख करून घ्यायला हवी, कारण या तिन्ही सहलींत तोच आपल्या सोबत असणार आहे.

हा दगड म्हणजे आपला ओळखीचा काळा दगड. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तापलेला, वितळलेला लाव्हारस बाहेर आला आणि दूरवर पसरून थंड झाला. असे एकदा नाही, अनेकदा झाले. एका थरावर दुसरा थर साचत गेला. त्यांतले काही थर कठीण होते, काही ठिसूळ होते. हजारो पावसाळ्यांनी ठिसूळ थर झिजवले आणि कठीण थर तसेच उभे राहिले. म्हणूनच सह्याद्रीचे डोंगर दुरून पाहिले, तर पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. माथा सपाट आणि त्याच्या खाली सरळ तुटलेला कडा, असे त्यांचे रूप असते. शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग पाहा किंवा एखाद्या जुन्या वाड्याचे जोते पाहा. तिथेही हाच काळा दगड दिसेल.

आता पहिली सहल. ती अर्ध्या दिवसाची आहे आणि शहरातच आहे. शिवाजीनगर भागात जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचे मंदिर आहे. बाहेर गाड्यांची सतत वर्दळ असते. आत शिरून काही पायऱ्या उतरलो, की तो आवाज मागे पडतो. हे मंदिर दगडावर दगड रचून बांधलेले नाही. ते जमिनीतल्या अखंड खडकात कोरलेले आहे. इसवी सनाच्या आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजांच्या काळात हे काम झाले. समोर गोल छताचा नंदीमंडप आहे. छत्री उघडून ठेवावी, तसा तो दिसतो. आत जाड चौकोनी खांबांची रांग आहे.

इथे क्षणभर थांबा आणि त्या कारागिरांचा विचार करा. भिंत बांधताना एखादा दगड चुकीचा बसला, तर तो काढून दुसरा बसवता येतो. कोरताना तसे करता येत नाही. छिन्नीचा एक घाव जास्त बसला आणि टवका उडाला, की तो पुन्हा चिकटवता येत नाही. म्हणजे कोणता भाग काढायचा आणि कोणता ठेवायचा, हे पहिल्या घावापूर्वीच मनात पक्के असावे लागते. या मंदिराचे काम पूर्ण झालेले नाही. त्यामुळे काही ठिकाणी खडबडीत खडक तसाच राहिलेला दिसतो. पण त्यामुळेच कारागिरांनी काम कसे केले, हे आपल्याला समजते.

दुसरी सहल सिंहगडाची. पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर हा किल्ला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,३०० मीटर आहे. वाटेत खडकवासल्याचा जलाशय लागतो. पुणेकर पितात ते पाणी मुठा नदीवरच्या याच धरणातून येते. तेव्हा काठावर बसून डबा खाल्ला, तर उष्टे आणि कागद पाण्यात टाकू नका. आपण टाकलेला कचरा आपल्याच घरच्या पाण्यात जातो, हे लक्षात ठेवा.

गडावर वाहनाने जाता येते. पण पायवाटेने चढण्याची मजा वेगळीच आहे. पावसाळा संपता संपता उतारावर सोनकीची पिवळी फुले आणि तेरड्याची गुलाबी फुले दिसतात. कारवीची झुडपे तर दरवर्षी फुलत नाहीत. ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलतात आणि मग सारा उतार जांभळा होतो.

वर पोहोचलो, की लक्षात येते की या किल्ल्याचा अर्धा तट निसर्गानेच बांधला आहे. आपण पाहिलेले ते कठीण थर इथे सरळ कड्यांच्या रूपाने उभे आहेत. माणसाने फक्त उरलेल्या जागी भिंत, दरवाजे आणि बुरूज बांधले. गडावर पाण्याची टाकी खोदलेली आहेत. अशी टाकी खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरायचा, ही किल्ले बांधणाऱ्यांची जुनी रीत होती. त्यामुळे पाण्याची सोय होई आणि दगडही हाताशी मिळे.

किल्ल्यावर फिरताना तुम्हांला आणखी एक गंमत आढळेल. इथले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. किल्ला म्हणजे उर्दूतला किला. बुरूज म्हणजे बुर्ज. पाण्याचा हौद म्हणजे हौज. शिपाई म्हणजे सिपाही. नगारखाना म्हणजे नक्कारखाना. दरवाजा तर दोन्ही भाषांत दरवाजाच. किल्ल्याच्या सर्वांत उंच भागाला मराठीत बालेकिल्ला म्हणतात. त्यातला ‘बाले’ म्हणजे फारसीतला ‘बाला’, म्हणजे वरचा. अरबी आणि फारसीतून आलेले हे शब्द शेकडो वर्षे या डोंगरांवर राहिले आणि मराठी झाले. आज कोणत्याही शेतकऱ्याला ते परके वाटत नाहीत.

सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने या किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ला नाग नायक नावाच्या कोळी सरदाराकडे होता. त्याने तो अनेक महिने लढवला. इसामी या कवीने १३५० साली लिहिलेल्या ‘फुतूहुस्सलातीन’ या फारसी काव्यग्रंथात या वेढ्याचे वर्णन आहे. पुढे ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी रात्रीच्या अंधारात कडा चढून हा किल्ला जिंकला आणि त्या लढाईत ते धारातीर्थी पडले. गडावर त्यांचे स्मारक आहे. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांचे निधन १७०० साली याच गडावर झाले. त्यांची समाधीही इथे आहे.

या राजाराम महाराजांनी त्यापूर्वी अनेक वर्षे तमिळनाडूतील जिंजीच्या किल्ल्यावरून राज्याचा कारभार चालवला होता. पुण्याजवळचे हे डोंगर आणि दूर दक्षिणेतला तो किल्ला असे एकमेकांशी जोडलेले आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी आहे. शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे त्यांतले तीन किल्ले आपल्या पुणे जिल्ह्यात आहेत. जागतिक वारसा म्हणजे साऱ्या जगाची ठेव. ती सांभाळण्याचे काम जवळ राहणाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे येते.

आता तिसरी सहल. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. एका बाजूच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत आणि दुसऱ्या बाजूला भाज्याची लेणी आहेत. भाज्याच्या मागे लोहगड आणि विसापूर हे किल्ले उभे आहेत. एका दिवसात सगळे पाहण्याची घाई करू नका. एकच ठिकाण निवडा आणि ते नीट पाहा.

कार्ल्याच्या पायऱ्या चढून वर गेले, की एकवीरा देवीचे मंदिर लागते. ही कोळी बांधवांची कुलदेवता. तिच्या दर्शनाला कोकणातून लोक मोठ्या संख्येने येतात. मंदिराला लागूनच बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेले भव्य चैत्यगृह आहे. चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेचे दालन. भारतातील कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे आहे. त्याची लांबी सुमारे ४५ मीटर आहे. छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. हे लाकूड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे.

इथल्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत काही ओळी कोरलेल्या आहेत. त्यांची भाषा प्राकृत आहे. विद्वानांनी त्या वाचल्या, तेव्हा कळले की ही दान देणाऱ्यांची नावे आहेत. हे भव्य काम एकट्या राजाने केलेले नाही. ते अनेकांच्या मदतीतून उभे राहिले. कोणी एका खांबाचा खर्च दिला, तर कोणी दुसऱ्या भागाचा. दान देणाऱ्यांत ‘यवन’ म्हणवले जाणारे लोकही होते. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या माणसाने दाराच्या कामासाठी दान दिले. तो सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता. आपण त्याला अत्तरवाला म्हणू. त्याचे अत्तर केव्हाच उडून गेले, पण त्याचे नाव आजही दगडावर आहे.

दुर्दैवाने, दगडावर दुसरीही नावे दिसतात. अनेक लेण्यांच्या भिंतींवर आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर खिळ्याने किंवा खडूने लोकांनी आपली नावे लिहिलेली असतात. कोणी बदाम काढून त्यात बाण काढतो. कोणी गावाचे नाव आणि तारीख लिहितो. ती नावे लिहिणाऱ्यांना वाटते, एवढ्याने काय बिघडणार आहे? पण पाताळेश्वराच्या कारागिरांचा विचार आठवा. उडालेला टवका पुन्हा चिकटवता येत नाही. खडूचे लिखाण धुऊन काढता येईल, पण खिळ्याची रेघ कायमची राहते. त्या रेघेत पाणी मुरते, शेवाळ वाढते आणि दगड आणखी झिजतो.

कायद्यानेही हा गुन्हा आहे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाला इजा करणाऱ्याला १९५८ च्या कायद्यानुसार आणि त्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही शिक्षाही होऊ शकतात. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा स्वतःच्या मनाला एक प्रश्न विचारणे अधिक चांगले. सिंहदत्ताने काही दिले, म्हणून त्याचे नाव कोरले गेले. आपण इथे काय दिले?

सहलीला निघताना आणखी काही गोष्टी पाळाव्यात. घट्ट बसणारे बूट घालावेत. पावसात कड्याच्या टोकाला जाऊ नये आणि निसरड्या दगडावर धावू नये. कड्यांच्या कपारीत मधमाश्यांची पोळी असतात. तिथे धूर, आरडाओरडा किंवा दगडफेक केली, तर माश्या उठतात आणि सर्वांच्याच जिवाला धोका होतो. मंदिरात कोणी पूजा करत असेल, तर शांत उभे राहावे. दर्ग्यात किंवा मशिदीत आपण जसा अदब राखतो, तसाच तो इथेही राखावा. नेलेल्या कागदी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या परत घरी आणाव्यात.

सोबत एक छोटी वही आणि पेन्सिल मात्र जरूर न्या. जिथे जाल, तिथे खांबांचा आकार काढा, दिसलेल्या फुलांची नोंद करा, नवा मराठी शब्द कानावर पडला तर तो लिहून ठेवा आणि त्याच्यापुढे तुमचा उर्दू शब्द लिहा. पानाच्या खाली तारीख घाला आणि आपले नाव लिहा. नाव लिहिण्याची योग्य जागा ती आहे. दगड मात्र जसा आपल्याला मिळाला, तसाच पुढच्यांसाठी राहू द्या.