खांदा मोडला: प्लेट की झोळी?

मी फिजिओथेरपिस्ट. खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलेल्या माझ्या पेशंटपैकी बहुतेक साठीपुढच्या बायका आहेत. मोरीत पाय घसरतो, हात टेकला जातो आणि हाड मोडतं. एक्स-रेत सरकलेले तुकडे दिसले की घरचे हवालदिल होतात. "ऑपरेशन केलं नाही तर हात कायमचा जाईल," असं कुणीतरी सांगतंच.

ब्रिटनमध्ये हाड असंच सरकलेल्या २५० जणांवर हा प्रश्न नीट तपासला गेला. चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करून काहींचं ऑपरेशन केलं, बाकीच्यांना झोळी दिली, व्यायाम दोघांनाही. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांतले हात जवळपास सारखेच चालत होते. पाच वर्षांनंतरही तेच.

याचं कारण सांध्याच्या घडणीत आहे. खांद्याची वाटी उथळ, त्यामुळे हात सगळीकडे फिरतो आणि हाड थोडं वाकडं जुळलं तरी रोजची कामं निभावतात. उतारवयातल्या ठिसूळ हाडात ऑपरेशनमध्ये बसवलेल्या प्लेटच्या स्क्रूची पकडही कच्ची राहते.

मात्र सांधा निखळलाही असेल, हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल, रक्तवाहिनी दुखावली असेल किंवा हाडाचा गोल माथाच दुभंगला असेल, तर झोळीवर भागवू नये. सांधा निखळलेले किंवा हाड कातडी फोडून बाहेर आलेले रुग्ण त्या अभ्यासातही नव्हते. तरुण, डोक्यावर ओझी उचलणाऱ्या माणसाचा हिशेबही वेगळा. म्हणून सर्जनना विचारताना आपली कामं सांगावीत. माझ्या एका पेशंटला स्वतःची वेणी घालता यायला हवी होती आणि फडताळातला डबा काढता यायला हवा होता. तेवढं सांगितल्यावर बोलणं एक्स-रेवरून त्यांच्या हातावर आलं. त्यांनी झोळी निवडली.

झोळी म्हणजे हात बांधून स्वस्थ बसणं, या समजुतीनं फार नुकसान होतं. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायची. रात्री उशांना टेकून झोपायचं. साधारण दोन आठवड्यांत, डॉक्टरांनी होकार दिला की, पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलके झोके द्यायचे. दुखतं म्हणून महिनोन्महिने झोळी न सोडणाऱ्यांचा खांदा आखडतो. तो सोडवणं हाड जुळण्यापेक्षा अवघड.

आणि उभ्याउभ्या पडून खांदा मोडला असेल, तर हाडांची घनता तपासून घ्याच. औषध वेळेवर सुरू झालं तर पुढे खुबा मोडण्याचा धोका कमी करता येतो.