दावं तुटल्याचे शब्द

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंडांच्या रांगा जिथे संपतात, तिथे दोरवाले बसतात. म्होरकी, वेसण, कासरा, दावं असा सगळा संसार पोत्यावर मांडलेला. केकताडाचे आणि अंबाडीचे दोर आता कोपऱ्यात गेलेत, पुढे निळ्या-पिवळ्या नायलॉनचा ढीग. मी उगाच एक दावं उचलून पीळ बघत होतो. दोरवाल्या म्हाताऱ्यानं मान वर न करता विचारलं, "जनावर गरीब हाय का मारकं?"

माझ्याकडे जनावरच नव्हतं, पण प्रश्न डोक्यात राहिला. 'गरीब' हा शब्द अरबीतून निघाला तेव्हा त्याचा अर्थ होता परका, परदेशी. परका माणूस दबून असतो, म्हणून तो दीन झाला, मग निर्धन झाला, आणि आमच्या गोठ्यात आल्यावर शिंग न उगारणारी गाय झाला. उलट बाजूला मात्र गर्दी आहे. मारकं, खोडील, ओढाळ, मोकाट, माजलेलं, उधळलेलं. शहाण्या जनावरासाठी एक-दोन शब्द आणि बेताल जनावरासाठी डझनभर. माणसांच्या बाबतीतही हिशेब हाच आहे, कारण शब्द गोठ्यातूनच उचललेले आहेत.

कोश उघडून बसलं की एक गंमत ध्यानात येते. मर्यादा सोडून वागण्याचे आपले निम्मे शब्द त्या वागण्याचं वर्णनच करत नाहीत. ते फक्त सांगतात, की दोर नाही. 'उद्दाम' घ्या. संस्कृतात 'दामन्' म्हणजे दोरी. 'दावं' आणि 'दावण' हे त्याच दोरीचे मराठी वंशज. म्हणजे उद्दाम माणूस हा सरळ सरळ दावं तोडलेला माणूस. 'उच्छृंखल' म्हणजे साखळी तुटलेला. 'निरंकुश' म्हणजे ज्याच्या डोक्यावर माहुताचा अंकुश नाही असा हत्ती. फारसीनं त्यात लगाम नसलेला घोडा सोडला, तो 'बेलगाम'. 'बेबंद' तर कुठल्याच प्राण्याचा राहिला नाही, बंधच नाही म्हटल्यावर संपलं. (हिंदी वर्तमानपत्रं आमच्या बेळगावला 'बेलगाम' लिहितात तेव्हा सीमाभागातल्या माणसाला दुहेरी राग येतो. एक नाव बिघडवल्याचा, दुसरा अर्थाचा.)

आणि हे शब्द सगळ्यांना सारखे वाटलेले नाहीत. सत्ता निरंकुश असते, राज्यकारभार बेबंद होतो, जीभ आणि खर्च बेलगाम सुटतात. उच्छृंखल तरुण पिढी फक्त अग्रलेखात राहते, घरात कुणी कुणाला उच्छृंखल म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. दोर जितका महाग, तितका शब्द भारदस्त. हत्ती-घोड्यांचे शब्द मोठ्यांसाठी आणि गाई-म्हशींचे तुमच्या-आमच्यासाठी.

या टोळीत वेगळा आहे तो 'बेफाम'. त्याला दोराशी काही देणंघेणं नाही. 'फहम' म्हणजे समज, उमज. ती नसलेला तो बेफाम. म्हणून बेफाम गर्दीबद्दल बोलताना थोडी सूट मिळते, भान नव्हतं बिचाऱ्यांना. उद्दामाला ती सवलत नाही, त्यानं दावं जाणूनबुजून तोडलेलं असतं.

या सगळ्यांत मला सर्वांत खोल वाटतो तो 'माज'. माझ्या मामाकडे दोन गाई आणि एक म्हैस होती. पहाटे तो गोठ्यात जायचा आणि कंदील धरून आधी शेपट्या बघायचा. गाय रात्रभर हंबरलीय का, वैरण टाकलीय का, काचेसारखा सोट लोंबतोय का. "माजावर आलीय," एवढंच मामीला सांगायचा. त्यात कसलीही नालस्ती नव्हती, उलट आनंद होता. माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि दिवसभरही टिकत नाही. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. चुकला तर तीन आठवडे गेले. म्हशीचं आणखी अवघड, ती हंबरत नाही, अंगावर चढत नाही. त्याला 'मुका माज' म्हणतात. पशुवैद्यकाच्या पुस्तकातही हाच शब्द आहे, आणि मला तो कवितेत शोभेल असा वाटतो.

हाच मामा चावडीवरून आला की एखाद्याबद्दल म्हणायचा, "लई माज आलाय त्याला." तोच शब्द, पण तोंड वेगळं. व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत 'माद्यति', म्हणजे धुंद होतो, त्यावरून 'माजणे'. मद, उन्मत्त, उन्माद ही भावकी. फारसीतला 'मस्त'ही याच मुळाचा, आणि गंडस्थळातून मद वाहणाऱ्या हत्तीला इंग्रजांनी लावलेला शब्द या 'मस्त'वरूनच उचलला. आज आपण चहाला मस्त म्हणतो आणि पोराला मस्तवाल म्हणतो, मूळ धुंदी एकच.

पण गोठ्यातला माज आणि चावडीतला माज यांत एक फरक आहे. गोठ्यातला जनावराच्या शरीरात असतो. चावडीतला बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या नजरेत असतो. दलित वस्तीतल्या पोरानं नवे बूट घातले, मिशीला पीळ दिला, लग्नात घोड्यावरून वरात काढली, की "माज आलाय" हे शब्द निघतात. पाटलाच्या पोरानं तेच केलं तर ती हौस. आणि माजाबरोबर येणारं क्रियापद बघा, 'उतरवणे'. माज हा उतरवायचाच असतो, तो आपला आपण ओसरेल अशी वाट कुणी बघत नाही. या एका क्रियापदामुळे किती गावांत काय काय घडलं, ते वेगळं सांगायला नको.

'उधळणे' त्यामानाने मोकळ्या मनाचा. त्याच्या पोटात 'धूळ' आहे. धूळ वर उडवणं हा मूळ अर्थ, त्यातून जेजुरीचा भंडारा उधळतो, मिरवणुकीत गुलाल उधळतो, बापाचा पैसा पोरगा उधळतो, बैल चौखूर उधळतो आणि सभाही उधळते. मराठी माणसाच्या आठवणीतली सर्वांत गाजलेली उधळलेली सभा म्हणजे २७ डिसेंबर १९०७ ची सुरतेची काँग्रेस. टिळक व्यासपीठावर बोलायला उभे राहिले, गदारोळ झाला, आणि मंडपातून एक मराठी जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. मग खुर्च्या. अधिवेशन 'उधळलं' असं आपण अजूनही लिहितो. 'बंद पडलं' किंवा 'मोडलं' म्हटलं तर त्यातली धूळ जाते.

'गोंधळ'चं मात्र मला वाईट वाटतं. गोंधळ हा भवानी-रेणुकेच्या नावानं घातला जाणारा विधी. संबळ, तुणतुणं, दिवटी, चौक मांडणं, देवतांना नावं घेऊन बोलावणं, सगळं क्रमवार. ज्यात एवढी शिस्त आहे त्याचंच नाव आपण विधिमंडळातल्या आरडाओरड्याला दिलं. रात्रभर बाहेरून ऐकणाऱ्याला आत काय चाललंय ते कळत नसावं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

'सैराट' मागे 'स्वैर' आहे, आपल्या मर्जीनं जाणारा. स्वैर अनुवादाला आपण नावं ठेवत नाही. पण संस्कृतात 'स्वैरिणी' म्हटलं की बाई वाईट चालीची. पुरुषाचं स्वैर असणं पुस्तकात खपतं, बाईचं घरातही नाही. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. तोवर सुसाट, भन्नाट, मोकाट यांच्या पंगतीत कडेला बसलेला हा गावरान शब्द पोरापोरींच्या तोंडी मोकळं वारं होऊन आला. चित्रपटाच्या शेवटी मात्र घरच्याच माणसांनी त्यातल्या प्रेमी जोडप्याला मारलेलं असतं. पुढे कुठे जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याचा खून झाला की बातम्यांत 'सैराट' शब्द छापून येऊ लागला. दोन जीवांच्या मोकळेपणाचा शब्द त्यांच्या मारेकऱ्यांच्या कृत्याला चिकटला. इतक्या कमी वर्षांत असा उलटा झालेला शब्द दुसरा मला आठवत नाही.

मोकळा आणि मोकाट हे तर सख्खे भाऊ, दोघांच्या मुळाशी सुटणंच. मोकळ्याच्या वाट्याला श्वास, रान, मन, केस. मोकाटाच्या वाट्याला गुरं, कुत्री, आरोपी आणि रात्री उशिरा घरी येणारी मुलगी. मुलगा त्याच वेळी आला तर तो फार तर उनाड. मोकाट गुरांसाठी इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि गावोगाव कोंडवाडे उभारले. दलित कवी दया पवारांनी १९७४ च्या आपल्या कवितासंग्रहाला तेच नाव दिलं, तेव्हा कोंडवाड्यात कोण आहे हे सांगावं लागलं नाही.

देवाच्या नावानं सोडलेल्या वळूला मात्र कोंडवाडा नव्हता. त्याच्या अंगावर त्रिशूळ-चक्राचा डाग द्यायचे, आणि त्याला म्हणायचे 'पोळ'. तो कुणाच्याही पिकात शिरे, कुणी हाकलत नसे. उमेश कुलकर्णींच्या २००८ च्या 'वळू' चित्रपटात असाच एक डुरक्या आहे. गावात काहीही बिघडलं की आळ त्याच्यावर. त्याला धरायला वनखात्याचा अधिकारी येतो.

बाजारात त्या दिवशी माझ्यानंतर एक तरुण आला. टेम्पोत घालून फ्रीज न्यायचा होता, दोर हवा होता. म्हाताऱ्यानं नायलॉनची गुंडी सोडवत सवयीनं विचारलं, "गरीब का मारकं?" पोरगं क्षणभर गोंधळलं, मग म्हणालं, "दोनशे लिटरचा आहे, आजोबा."